लहान मुलांचं बॅडमिंटन: खेळ, सराव आणि सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत एकच चौकशी सुरू होते, "सर, बॅच कधीपासून?" आणि एप्रिलमध्ये एकेका कोर्टावर वीस-पंचवीस पोरं उभी राहतात. त्यातल्या निम्म्यांनी रॅकेट पहिल्यांदाच हातात घेतलेली असते. हे प्रश्न नव्या प्रशिक्षकांचे, शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांचे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरी बांधून शिकवणाऱ्या आई-बाबांचे आहेत. वयोगट साधारण सहा ते दहा.

सगळा वेळ खेळच घेतले तर मुलं बॅडमिंटन शिकणार कधी?

हा प्रश्न बहुतेक वेळा फी भरणाऱ्या बाबांचा असतो आणि त्यात चूक काही नाही. त्यांना कोर्टावर शिस्तीत उभी असलेली रांग दिसली की शिकवणं चाललंय असं वाटतं. त्या रांगेचा हिशेब मांडून बघा. २० मुलं, प्रत्येकाला तीन शटल, एका मुलाला १५ सेकंद. एक फेरी व्हायला पाच मिनिटं लागतात. अर्ध्या तासात सहा फेऱ्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १८ फटके. उरलेला सगळा वेळ पोरगं पुढच्याच्या पाठीत रॅकेट टोचत उभं. त्याच मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला एक फुगा दिला, तर १८ फटके एका मिनिटात होतात.

म्हणून "आधी सराव करा, मग शेवटची दहा मिनिटं खेळ" ही पद्धत मला पटत नाही. त्यातून मुलं एवढंच शिकतात, की सराव म्हणजे कंटाळा आणि खेळ म्हणजे सुटका. प्रत्येक खेळाच्या पोटात एक कौशल्य असलं पाहिजे, आणि ते कोणतं हे मुलांना नाही कळलं तरी चालेल, तुम्हाला माहीत हवं.

पहिल्या दिवशी काय घ्यावं?

नेट लावू नका. शटलसुद्धा अर्धा तास पिशवीतच राहू द्या. आधी हाताने फेकाफेकी, मग फुगा हाताच्या तळव्याने वर उडवत ठेवणं, मग हाताच्या मागच्या बाजूने. तळवा म्हणजे फोरहँड, पाठ म्हणजे बॅकहँड, हे न सांगता समजतं. त्यानंतर रॅकेट.

रॅकेट हातात आली की दहातली आठ मुलं ती आईच्या उलथन्यासारखी धरतात, जाळी समोर सपाट. त्यांना दोष देऊ नका. तशी पकड असली की समोर आलेलं फूल, म्हणजे शटल, सोपं लागतं, म्हणून हाताला ती आवडते. अडचण पुढे येते, डोक्यावरचा फटका मारताना. हात फिरायला जागाच राहत नाही आणि शटल नेटमध्ये जातं. यावर भाषण न देता "शेकहँड" खेळा. तुम्ही रॅकेटची दांडी मुलापुढे धरा, जाळीची कड वर आणि खाली. त्याने दांडीशी हात मिळवायचा, नाव सांगायचं, पुढच्या मुलाकडे जायचं. दोन मिनिटांत सगळ्यांची पकड बरोबर होते, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा बिघडते. ते तसंच असतं. दर खेळाआधी एकदा "नमस्कार नको, शेकहँड" म्हणायचं आणि पुढे जायचं. बोटं दांडीवर घट्ट आवळलेली नकोत, हे मात्र पहिल्या दिवसापासून बघा. आवळलेल्या मुठीतून मनगट हलत नाही.

आपल्या गल्लीतले कुठले खेळ बॅडमिंटनला उपयोगी पडतात?

जवळजवळ सगळे, थोडे वळवले तर. नव्या खेळाचे नियम समजावण्यात दहा मिनिटं जातात. लगोरी म्हटलं की पोरं आधीच पळायला लागतात.

लगोरी माझ्या मते सगळ्यात मोलाची. शटलच्या रिकाम्या नळ्या पलीकडच्या कोर्टात एकावर एक रचा. अलीकडच्या गटाने जुनी, पिसं तुटलेली शटलं हाताने, खांद्याच्या वरून, नेटवरून फेकून ती पाडायची. रॅकेट नाही. डोक्यावरून मारायच्या क्लिअरची (उंच, पार मागच्या रेषेपर्यंत जाणाऱ्या फटक्याची) हालचाल आणि वरून फेकण्याची हालचाल मुळात एकच आहे. अंग आडवं, कोपर वर, दुसरा हात लक्ष्याकडे, मागचा पाय पुढे येतो. ज्या मुलाला फेकता येत नाही त्याला क्लिअर येत नाही, आणि हल्ली फेकता न येणारी मुलं खूप दिसतात, कारण चिंचा-बोरं पाडायला दगड कोण मारतंय? शटल हलकं असल्यामुळे ते नुसत्या ताकदीने लांब जात नाही, हात झटकावा लागतो. तोच झटका पुढे स्मॅशमध्ये लागतो. नळ्या पडल्या की पलीकडच्या गटाने त्या रचायच्या, पण पाय ओलांडून धावायचं नाही, सरकत्या पावलांनी जायचं. एका खेळात दोन कामं.

रुमालपाणीही तसंच. दोन गट दोन बाजूंना, मधे रुमालाऐवजी शटल, तुम्ही नंबर पुकारता. नियम एवढाच, की शटल उचलताना रॅकेटच्या हाताचाच पाय पुढे पडला पाहिजे, टाच आधी टेकली पाहिजे, आणि परत जाताना पाठ फिरवायची नाही. झालं लंज, म्हणजे पुढे झेपावून टाकलेलं लांब पाऊल. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकतोय ना, एवढं तुम्ही बघत राहायचं. आत वळला तर पुढे दुखणं ठरलेलं.

डोंगर-पाणी खेळून कोर्टाच्या रेषा पाठ होतात. पुढची सर्व्हिस लाइन पाणी, मागची डोंगर, बाजूची गल्ली बोगदा. ही गल्ली फक्त ४६ सेंटिमीटर रुंद असते, त्यात दोन पोरं बाजूबाजूला मावत नाहीत, आणि तीच गंमत. आठवड्याभरात सात वर्षांचं मूल एकेरीची आणि दुहेरीची रेषा वेगळी ओळखतं.

खो-खोत मात्र एक बदल करावा लागतो. आपल्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधेच दिशा बदलता येत नाही. बॅडमिंटनमध्ये तर सारखीच दिशा बदलायची असते. म्हणून तो नियम काढून टाका. मुलं बसण्याऐवजी गुडघे वाकवून, रॅकेट छातीसमोर धरून उभी राहतील. "खो" मिळाला की पहिलं पाऊल किती चटकन निघतं, तेवढंच बघायचं.

लंगडी घोट्यासाठी आणि तोलासाठी, पाच मिनिटं पुरे. टिपी टिपी टॉप टॉप कोर्टाच्या सहा टोकांना रंगीत रुमाल ठेवून खेळा. रंग पुकारला की तिथे रॅकेट टेकवून मधे परत. मधे परत येणं हा नियम कधीही सोडू नका, पुढचं सगळं फूटवर्क त्यावर उभं आहे.

फुगे किती दिवस वापरायचे? मुलं "हे बाळांचं आहे" म्हणतात.

सहा-सात वर्षांच्यांना दोन आठवडे, मोठ्यांना दोन-तीन तास पुरतात. फुगा हळू पडतो, त्यामुळे नजर, पाय आणि हात यांना एकमेकांशी जुळायला वेळ मिळतो. "बाळांचं" म्हणणाऱ्या पोराला दोन फुगे द्या आणि एकही खाली पडू द्यायचा नाही म्हणा. मग जोडीत तीन फुगे. त्यानंतर फुगा उडालेला असताना जमिनीला हात लावून परत मारायचा. गप्प होतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा होम मैदानावर फुगे स्वस्तात आणि भरपूर मिळतात, पिशवीभर घेऊन ठेवा. फुग्याचे खेळ बंद हॉलमध्येच घ्या. गच्चीवर वारं आलं की फुगा थेट सिद्धेश्वर तलावाच्या दिशेने.

नेट नाही, कोर्ट नाही. पार्किंगमध्ये शिकवता येईल का?

येईल, आणि सोलापूरकरांकडे यावरचा उपाय घरातच असतो. दोन खांबांना दोरी बांधा आणि तिच्यावर जुनी सोलापुरी चादर टाका. अधिकृत नेट खांबाजवळ १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर उंच असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून ते जातं, आणि मग प्रत्येक फटका आकाशात मारायची सवय लागते. दोरी १.२० ते १.३० मीटरवर बांधा. मूल सरळ मारायला शिकेल.

चादरीचा आणखी एक फायदा आहे, जो खऱ्या नेटला नाही. तिच्या आरपार दिसत नाही. पलीकडच्याची रॅकेट कुठे फिरली ते कळतच नाही, शटल वरून डोकावेल तेव्हाच ते दिसणार. पोरांना हा "पडद्यामागचा" खेळ फार आवडतो, कारण प्रत्येक शटल अचानक येतं. तयार उभं राहायची सवय यातून आपोआप लागते. मोठ्या, जरा जमणाऱ्या मुलांनाच द्या. नवख्यांना समोरचा दिसणं गरजेचं असतं.

चादर नसेल तर दोरीवर टॉवेल वाळत घाला. एकेक टॉवेल हे निशाण, कुणाचं फूल कुठल्या रंगाच्या टॉवेलवरून गेलं त्यावर गुण. सोलापुरात टॉवेलांचा तुटवडा असेल असं वाटत नाही.

नायलॉनचं शटल की पिसांचं?

सुरुवातीला नायलॉनचंच. खऱ्या शटलला १६ पिसं असतात, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, आणि नवख्या मुलाच्या रॅकेटच्या कडेवर आदळून ते दहा मिनिटांत टाकाऊ होतं. शिवाय आपली कोरडी हवा पिसांना मानवत नाही, ती ठिसूळ होऊन तुटतात. पुढे पिसांची शटलं वापराल तेव्हा नळी आदल्या रात्री वाफेवर थोडी धरून ठेवायची पद्धत आहे, ती आपल्याकडे उन्हाळ्यात खरोखर कामी येते.

नायलॉन घेताना बुडाजवळची पट्टी बघा. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. गरम हवा विरळ असते आणि तिच्यात शटल जास्त लांब जातं, म्हणून सोलापुरात हिरवी पट्टी मागा. दुकानदार "सगळी सारखीच आहेत" म्हणाला तरी.

रॅकेट कुठली घ्यावी?

महाग नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला २१ किंवा २३ इंची छोटी रॅकेट मिळाली तर उत्तम, कारण मोठी रॅकेट जवळपास २६.५ इंच असते आणि त्या लांबीवर शटलचा अंदाज चुकत राहतो. मोठीच असेल तर मुलाने दांडी जरा वर धरावी. दांडीवर पट्टीवर पट्टी गुंडाळून ती जाड करू नका.

पंचवीस मुलं आणि एकच कोर्ट. कसं जमवायचं?

कोर्ट हीच खेळायची जागा आहे हे डोक्यातून काढा. १३.४० बाय ६.१० मीटरच्या त्या चौकटीत एका वेळी फार तर आठ मुलं रॅकेट घेऊन सुरक्षित उभी राहतात. बाकीच्यांसाठी भिंत आहे, कोर्टाची कड आहे, बाहेरचा कट्टा आहे. चार ठिकाणं करा: कोर्टावर नेटचा खेळ, भिंतीवर शटल मारणं, एका कोपऱ्यात फेकणं-झेलणं, एका ठिकाणी पायांचा खेळ. सात-आठ मिनिटांनी शिट्टी, गट पुढे सरकतो. तुम्ही स्वतः एकाच ठिकाणी थांबा, जिथे नवं काही शिकवताय तिथे. चारही ठिकाणी पळत राहिलात तर कुठलंच नीट होत नाही.

कोर्टावर मुलं आडवी लावायचीही एक युक्ती आहे. कोर्टाच्या लांबीत मधोमध दोरी लावली की पूर्ण कोर्टाची चार-पाच अरुंद कोर्टं होतात. लहान मुलांना तेवढी जागा पुरून उरते.

सर्व्हिस कशी शिकवावी? मुलांना शटल लागतच नाही.

वरून सोडून खालून मारायच्या फोरहँड सर्व्हिसमध्ये शटल सोडणं आणि रॅकेट आणणं यांची वेळ जुळावी लागते, आणि सहा वर्षांच्या मुलाला तेच जड जातं. बॅकहँडची छोटी सर्व्हिस आधी घ्या. शटल पिसांना धरून रॅकेटच्या अगदी पुढे ठेवायचं आणि ढकलायचं. पलीकडे जमिनीवर टॉवेल अंथरा, जवळचा एक गुण, कोपऱ्यातला तीन. नेटपासून पुढची सर्व्हिस लाइन १.९८ मीटरवर असते. त्या रेषेच्या जरा पलीकडे पडणारं शटल हे खरं बक्षीस.

नियमाप्रमाणे सर्व्हिस करताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं. सात वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या ही उंची कपाळापाशी येते, म्हणजे नियम त्यांना अडवतच नाही. तरीही कमरेखालून मारायची सवय लावा. मूल उंच होतं, नियम तिथेच राहतो.

माझा मुलगा हरला की रडतो आणि रॅकेट आपटतो.

आठवडाभर त्याला कुणाविरुद्ध खेळवूच नका. जोडीने किती फटक्यांची रॅली होते ते मोजा, तो त्या जोडीचा विक्रम. पुढच्या दिवशी तोच मोडायचा. समोरचा आता शत्रू नसतो, त्याला सोपं शटल द्यावं लागतं, आणि सोपं शटल देता येणं म्हणजेच शटलवर ताबा असणं. स्पर्धा आणायची तेव्हा छोटी आणा, पाच गुणांची. पाच गुणांचा डाव हरला तर दोन मिनिटांत दुसरा सुरू होतो, रडायला फुरसत मिळत नाही. रॅकेट आपटली तर ती पाच मिनिटं भिंतीला टेकून ठेवायची आणि तेवढा वेळ त्याने शटलं गोळा करायची. आरडाओरडा नको.

बॅचमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत. सूचना समजत नाहीत.

आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही बॅचमध्ये हे असणारच. सहा वर्षांचं मूल लांबलचक सूचना मराठीतूनही ऐकत नाही, तेव्हा बोलू नका, करून दाखवा. आणि या गोष्टीचा खेळ करता येतो. रॅली मोजताना पहिली फेरी मराठीत, दुसरी तेलुगूत "ओकटी, रेंडू, मूडू", तिसरी कन्नडमध्ये "ओंदू, एरडू, मूरू". जो पोरगा एरवी मागे उभा असतो तोच त्या फेरीत सगळ्यांना आकडे शिकवत असतो. मुलांचं लक्ष आकड्यांत अडकतं, हात मोकळा होतो आणि रॅली लांबते, हा आमचा नेहमीचा अनुभव.

एप्रिल-मेच्या उन्हात सराव घ्यावा का?

सकाळी सहा ते आठ, नाहीतर थेट संध्याकाळी. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी चारला मुलं उभी करणं हा शुद्ध अविचार आहे, बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि आत त्याहून वाईट. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागली का असं विचारायचं नाही, प्यायला लावायचं. घरून ताक किंवा लिंबू-सरबत आणलेलं चांगलं. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय म्हणालं तर ते मूल त्या दिवशी पुन्हा कोर्टावर नाही. सावली, ओला टॉवेल, पाणी, आणि आराम पडला नाही तर डॉक्टर. पोट रिकामं ठेवून पाठवू नका. अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी पुरते.

डोळ्याला लागण्याची भीती वाटते.

ती असू द्या, भीती योग्य आहे. समोरून येणारं शटल डोळ्याला लागू शकतं, आणि दाटीत शेजारच्याची रॅकेटही. खेळ सुरू होण्याआधी "पंखा" करा: रॅकेट धरून हात पसरायचे, गोल फिरायचं, कुणाला लागलं नाही तरच जागा बरोबर. पायाखालची शटलं सतत उचला, त्यावरून घोटे मुरगळतात. शटलं गोळा करण्याचीही शर्यत लावता येते. चप्पल घालून आलेलं मूल त्या दिवशी फक्त फेकाफेकी करेल.

डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने शिकवावं का?

अजिबात नाही. त्याच्या समोर उभे राहा, म्हणजे तुमचा उजवा हात त्याला आरशासारखा दिसेल.

तयार अभ्यासक्रम कुठे मिळतो?

जागतिक बॅडमिंटन महासंघाचा 'शटल टाइम' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम आहे, ५ ते १५ वयोगटासाठी, पाठ आणि व्हिडिओंसह, मोफत. चांगला आहे. त्यातले खेळ जसेच्या तसे न घेता आपल्या मुलांच्या ओळखीच्या खेळांची नावं त्यांना द्या.

आत्तापासून फक्त बॅडमिंटनच खेळू द्यावं का? स्पर्धा कधी?

दहाच्या आत एकाच खेळाला जुंपू नका. आपल्या शेजारच्या सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पोरांना ही गोष्ट सांगा, त्यांना त्यातला हरल्याचा भाग जास्त आवडतो.

स्पर्धेचं म्हणाल, तर मूल सर्व्हिस करून चार-पाच फटक्यांची रॅली करू शकतं आणि गुण स्वतः मोजू शकतं, तेव्हा आपल्याच बॅचमधली स्पर्धा घ्या. बाहेरच्या स्पर्धेची घाई आपल्याला असते, मुलाला नसते.

आम्ही पालक कोर्टाबाहेर बसतो. सूचना दिल्या तर चालतील?

नाही. मुलाला दोन बाजूंनी दोन सूचना आल्या की ते शटलकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं. बसून राहवत नसेल तर कामाला या. चार पालक शटल टाकून द्यायला उभे राहिले तर एका बॅचचे फटके कितीतरी पटीने वाढतात. टाकायचं हाताने, खालून, पिसं धरून, बूच मुलाकडे. मुलाच्या अंगावर नको, एक पाऊल बाजूला. आणि पुढचं शटल मूल मधे परत आल्यावरच सोडायचं. तोंड बंद ठेवायचं, हा भाग बहुतेकांना जड जातो.